पडवीतला प्लग

माझ्या संसाराचं पहिलं घर चाकांवर होतं. हौसेने सांगण्यासारखं त्यात काही नाही. लढाईतली एक मोठी बंद गाडी होती ती. लढाई संपल्यावर लिलावात निघाली आणि मुलुंडच्या एका साहेबांनी घेतली. माझा नवरा त्यांच्या ऑफिसची मोटार चालवायचा. साहेबांनी कुठल्याशा मासिकात परदेशी माणसांची फिरती घरं बघितली होती. तसं आपणही करावं, बायकामुलांना घेऊन नाशिकला जावं, महाबळेश्वरला जावं, असं त्यांनी मनात घेतलं. सुतार लावून आत दोन बाक केले, कपाट केलं, दिवे बसवले. गाडी आवारात उभी असेल तेव्हा बंगल्यातून वायर टाकून आत वीज घ्यायची सोय केली. मग गाडी एकदाच निघाली. भिवंडीपर्यंत गेली आणि दुसऱ्या गाडीला बांधून परत आणावी लागली. त्यानंतर ती आवारातल्या आंब्याखाली उभी राहिली ती कायमची. चाकं मातीत रुतली. साहेबांना ती विकवेना आणि वापरता येईना. म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला तिच्यात राहायला सांगितलं. आवारावर नजरही राहील आणि सकाळी ड्रायव्हर वेळेवर हजर होईल, हा हिशोब.

मला त्या गाडीचं काय अप्रूप होतं ते कळायला आधीचं सांगायला हवं. लग्न झालं तेव्हापासून मी गावी, मालवणजवळ, सासूसासऱ्यांकडे. नवरा मुंबईत लालबागला गावच्या माणसांच्या खोलीत. तिथे सगळे पुरुष, बायकोला जागा नाही. आमच्याकडच्या बहुतेक बायकांचं असंच असायचं. नवरा गणपतीला यायचा आणि शिमग्याला यायचा, तेही रजा मिळाली तर. उरलेलं वर्ष मी शेणगोठा, भातशेती आणि सासू यांच्यात काढायची. मूल होत नव्हतं. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "हिच्यातच काय ती खोट असतली." मी एकदा विचारलं, "तुमचा मुलगा मुंबईत, मी हय. मूल काय पोस्टाने येईल?" त्या दिवशी मला जेवायला मिळालं नाही. पण गाडीत राहायचं ठरल्यावर नवऱ्याने मला बोलावून घेतलं. बोटीने आले. गाडीत उन्हाचं अंग भाजायचं, पाऊस पडला की पत्र्याचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू यायचं नाही. तरी मला ती आवडायची. तिला दार होतं आणि आतून कडी होती.

राहायला दिलं तेव्हा साहेबांनी तीन गोष्टी बजावल्या. एक, गाडीत जाळ करायचा नाही. खाली फळ्या, आतून रंगवलेलं लाकूड, पेटायला वेळ लागला नसता. चूल नाही, स्टोव्हही नाही. त्याऐवजी त्यांनी घरातली जुनी विजेची शेगडी दिली. मातीच्या थाळीत तारेचं वेटोळं असलेली. दुसरी गोष्ट, आवारात मासळी शिजवायची नाही. ते लोक शाकाहारी. मालवणच्या बाईला हे सांगणं म्हणजे काय ते मालवणच्या बाईलाच विचारावं, पण मी ऐकलं. तिसरी, मागच्या पडवीची पायरी चढायची नाही. पडवीला लागून देवघर होतं आणि बाईसाहेबांचं सोवळं कडक होतं.

अडचण अशी की वीज यायची ती त्याच पडवीतून. भिंतीत पितळी टोपीचं बटण, त्याखाली तीन भोकांचा प्लग, आणि त्यात आमच्या वायरीची पिन खोचलेली. गाडीत बटण नव्हतं. म्हणजे दिव्यांना होतं, पण मूळ वीज चालू करायची ती पडवीतूनच. म्हणून रोज सकाळी मी पायरीच्या खाली उभी राहून हाक मारायची, "बाईसाहेब, बटण दाबा हो." त्यांची आंघोळ आणि पूजा उरकलेली असली तर त्या यायच्या. नसली तर माझं चहाचं आधण थांबायचं आणि नवरा बडबडायचा. घराला घर म्हणावं आणि त्याचं बटण दुसऱ्याच्या भिंतीत, अशी ती रीत होती.

बाईसाहेब दुष्ट नव्हत्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मी नुसती चिडून लिहिते असं कुणाला वाटायला नको. साहेब ऑफिसला गेले, मुलं शाळेत गेली, की त्यांच्याशी बोलायला माझ्याशिवाय कुणी नसायचं. त्या पडवीत तांदूळ निवडत बसायच्या, मी खाली दगडावर. गावाकडचं विचारायच्या. माझ्या बोलण्याला हसायच्या. "तू बोलतेस म्हणजे भांडतेसच गं," म्हणायच्या. साहेबांना मात्र त्या फार घाबरायच्या. साहेब ओरडायचे नाहीत. एखादी वस्तू बिघडली, फुटली, की ते ती समोर ठेवून हळू आवाजात विचारायचे, "हे कोणी केलं?" आणि कबूल होईपर्यंत विचारत राहायचे. त्यांच्या मुलीचा एकदा कंदिलाची काच फुटल्यावर असाच अर्धा दिवस गेला होता. मी गाडीतून सगळं ऐकलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी बाईसाहेबांनी घरातलं पितळ काढलं. समया, घंगाळ, तांब्ये, देवांची ताम्हनं. चिंच भिजवून मीठ घालून त्याचा गोळा केला आणि पडवीत बसून सगळं घासलं. मी गाडीत भाजी शिजवत होते. मध्येच शेगडीची लाल तार काळी पडली. वीज गेली असेल म्हणून दारात आले, तर बाईसाहेब भिंतीजवळ उभ्या. बटणाची पितळी टोपी चिंचेने लख्ख केली होती आणि आता आमच्या वायरीची पिन हातात घेऊन तिचे तिन्ही काटे घासत होत्या. पितळ काळं दिसलं की त्यांचा हात राहायचा नाही. दाराच्या कड्या, मोटारीचा भोंगा, काही सोडायच्या नाहीत. मला बघून हसल्या. म्हणाल्या, "दसऱ्याला तुझ्याही घराची पूजा नको का?" मग ओल्या फडक्याने पिन पुसली, परत भिंतीत खोचली आणि बटण दाबलं. शेगडी पेटली. मी भाजीकडे वळले.

संध्याकाळी नवरा आल्यावर मी त्याला हे गंमत म्हणून सांगितलं. म्हटलं, "आज बाईसाहेबांनी वीज घासली. चिंच लावून." तो हसला. म्हणाला, "उद्या तिला धूप पण दाखवतील." त्याच्या ऑफिसच्या मोटारीला त्या दिवशी झेंडूची माळ घालून आणली होती आणि बोनेटवर कुंकू होतं. आमच्यात सगळेच यंत्राची पूजा करतात, त्यात हसण्यासारखं फार काही नव्हतं. तो हसला हे मी लिहून ठेवते, एवढंच. त्याला माहीत होतं.

दिवाळीचा फराळ सुरू झाला तेव्हा शेगडी तासन्‌तास पेटती राहायला लागली. आधी नुसता भात, आमटी, चहा. आता चकल्या, शंकरपाळे. एक दिवस मी कढई ठेवली असताना बाईसाहेब पडवीतून ओरडल्या, "काय शिजवतेयस गं?"

"चकल्या तळतेय."

"खोटं बोलू नकोस. मासळीचा वास येतोय मला."

मी चकली हातात घेऊनच खाली उतरले. पायरीशी गेले तर खरंच वास येत होता. सुक्या बांगड्याला ओलं लागल्यावर येतो तसा. मला वाटलं कुठे उंदीर मेला असेल. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "उंदराचा वास मला कळतो आणि मासळीचाही. दिवाळी आहे, देवघर इथे आहे. तुम्हा लोकांना चार दिवस राहवत नाही."

मी म्हटलं, "बाईसाहेब, वास तुमच्या पडवीत आहे. माझ्या गाडीत तेलाचा वास आहे. येऊन बघा."

त्या आल्या नाहीत. बटण बंद केलं आणि आत गेल्या. चकल्या अर्ध्या कच्च्या राहिल्या.

संध्याकाळी नवऱ्याला हे आधी त्यांच्याकडून कळलं. तो गाडीत आला आणि एकेक भांडं उचलून हुंगायला लागला. टोप हुंगला, तवा हुंगला, पाट्याखाली बघितलं. मी बाकावर बसून बघत होते. म्हटलं, "माझे हात पण हुंगा." त्याने खरंच हुंगले. मग म्हणाला, "नाही येत वास." जसं काही मला पास केलं.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी बटण दाबलं आणि कुरबुर आवाज येतोय म्हणून पिन नीट बसवायला गेल्या. बोटं भाजली. पिनेचं काळं कवच तापून मऊ झालं होतं आणि भिंतीतल्या प्लगवर तपकिरी डाग पडला होता. तोच तो वास. जळक्या कवचाचा. म्हणजे मासळी कुणी शिजवली नव्हती हे त्यांना कळलं असणार. मला त्यांनी तसं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

साहेबांनी वीज बंद करून टाकली. नवऱ्याला बोलावून सांगितलं, "रविवारी मी स्वतः बघतो. पण तोवर वायर लावायची नाही. आणि बघ, दोष शेगडीत असला किंवा तुमच्या वापरण्यात असला, तर गाडीत संसार चालायचा नाही. उद्या आग लागली तर माझा बंगलाही जाईल. मग कुटुंबाला गावी पाठव. तू एकटा राहा, खाणावळीत जेव."

मला हे नवऱ्याने येऊन सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू मी गेलेच. ते दिवस आम्ही पाव, चुरमुरे आणि पाणी यांच्यावर काढले. त्याला ऑफिसजवळ उसळपाव मिळायचा. मी गाडीच्या दारात बसून राहायची. मला भीती होती, पण फार नाही. मला वाटायचं, शोधणार आहेत ना, मग शोधू देत. मी काही केलेलं नाही ते त्यांना सापडेलच. वय कमी असलं की माणसाला असं वाटतं.

रविवारी साहेबांनी खुर्ची पडवीत मांडली. पायजमा, गंजीफ्रॉक, हातात स्क्रू फिरवायचं हत्यार. त्यांना विजेचं कळत होतं, तरुणपणी त्यांनी ते काम केलेलं होतं. घाई करायचे नाहीत. आधी म्हणाले, "शेगडी आणा." बाईसाहेब म्हणाल्या, माझी शेगडी त्यांच्या स्वयंपाकघरात जायची नाही. मग दिवाणखान्यात लावली. तिथल्या प्लगला. वर पातेलं ठेवलं, पाणी उकळलं, ते पाणी उकळून अर्धं होईपर्यंत साहेब पिनेला हात लावत बसले होते. पिन थंड. म्हणाले, "शेगडी बरोबर आहे." मी पायरीखाली उभी होते. माझ्या छातीवरून एक धोंड उतरली.

मग वायर. साहेबांनी शेगडी पुन्हा गाडीत लावायला सांगितली, पडवीतलं बटण थोडा वेळ चालू ठेवलं आणि आंब्यापासून बंगल्यापर्यंत वायर मुठीत धरून चालत आले. माझा नवरा मागून. "हात लावून बघ," ते म्हणायचे, आणि तो लावायचा. वायर सगळीकडे गार. पडवीशी आली तिथे शेवटचा वीतभर तुकडा ऊन ऊन. साहेब म्हणाले, "म्हणजे तापतंय ते इथेच. बाकी कुठे नाही." म्हणजे गाडीत काही नव्हतं. मला वाटलं, झालं. मी राहिले.

बटण बंद करून, जरा निवल्यावर, त्यांनी फडक्याने पिन ओढली. ती निघता निघेना. निघाली तेव्हा काटे पितळेचे वाटतच नव्हते, हिरवे झाले होते. डब्यात विसरलेल्या तांब्याच्या पैशासारखे. भिंतीतल्या भोकांतही तेच. साहेबांनी स्क्रू काढून कवच उघडलं. आत तारेचे धागे काळे पडून तुटले होते, आणि एका काट्याच्या मुळाशी काहीतरी वाळून चिकटलं होतं. साहेबांनी ते नखाने काढलं. उजेडात धरलं. चिंचेचा दोर होता. चिंच कोळली की हातात राहतो तो.

"चिंच?" साहेब म्हणाले. मग सगळं त्यांनी जुळवलं. आंबट आणि मीठ पितळेला लागलं, आत मुरलं, धातूवर गंज चढला, काटा आणि भोक यांचं अंग अंगाला लागेना, मग तिथे ताप. नीट समजावून सांगितलं, शाळेत सांगतात तसं. आणि शेवटी ती पिन पडवीच्या कठड्यावर ठेवली आणि हळू विचारलं, "हे कोणी केलं?"

पडवीत घंटा, समया, कड्या, बटणाची टोपी, सगळं झगझगत होतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

बाईसाहेबांनी पदर पुढे ओढला. म्हणाल्या, "तिनेच केलं असेल. पितळ दिसलं की घासतात त्या."

मी म्हटलं, "मी पायरी तरी चढते का? दसऱ्याला तुम्ही घासलीत. मी दारातून बघितलं. तुम्ही म्हणालात, तुझ्या घराची पूजा."

"खोटं बोलते आहे ती," बाईसाहेब म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघत होते आणि त्या खांबाकडे.

साहेब माझ्या नवऱ्याकडे वळले. "काय रे? ही काय म्हणते?"

आता इथे एका माणसाच्या एका शब्दाचं काम होतं. मी दसऱ्याच्या संध्याकाळी सांगितलेलं त्याने आठवायचं आणि बोलायचं. अगदी तेही नको, नुसतं 'मला माहीत नाही' म्हणाला असता तरी साहेबांना समजलं असतं. ते काही खुळे नव्हते.

नवरा म्हणाला, "साहेब, हिनेच घासली. मला सांगितलं होतं तिने. अडाणी बाई आहे, चूक झाली. माफी असावी." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाया पड गो साहेबांच्या."

मी पडले नाही. उभी राहिले.

साहेबांनी थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग बायकोकडे, मग त्या चिंचेच्या दोराकडे. त्यांनी तो बागेत टाकला. म्हणाले, "बरं. बायकामाणसांना विजेजवळ ठेवूच नये. हिला गावी पाठव." हे 'बायकामाणसांना' त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं ते मला तेव्हाही कळलं होतं आणि बाईसाहेबांनाही. पण गावी जायचं होतं ते मला.

मग त्यांनी तारेचं जळकं टोक कापलं, काटे काचकागदाने घासून पिवळे केले, काट्यांना मधोमध चीर असते तिच्यात चाकूचं पातं घालून ते जरा फाकवले म्हणजे भोकात घट्ट बसतील, आणि भिंतीत नवा प्लग बसवला. संध्याकाळी शेगडी पुन्हा पेटली. मी भात लावला. नवरा साहेबांना विचारून पडवीत जाऊन पिनेला हात लावून आला. "एकदम थंड," म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं.

मी म्हटलं, "मग आता मी कशाला जायचं?"

तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलं ना."

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं. मग काय करू? साहेबांच्या बायकोला नोकराने तोंडावर खोटं पाडायचं? उद्या मला मोटारीवर ठेवतील?"

"ठेवतील. साहेबांना ड्रायव्हर लागतो."

"तुला काय कळतंय," तो म्हणाला. "तुझं काय गेलं? चार महिन्यांनी परत आणीन. बाईमाणसावर एक बोल आला तर काय अंगाला भोक पडतं?"

मी भात वाढला. त्याने जेवून घेतलं.

निघायच्या दिवशी बाईसाहेबांनी मला वर बोलावलं. पडवीत पाट मांडला होता. परगावी निघालेल्या सवाष्णीची ओटी भरल्याशिवाय तिला पाठवू नये म्हणे. मला पहिल्यांदा ती पायरी चढायला सांगितलं. मी चढले. त्यांनी कुंकू लावलं, खण, नारळ आणि तांदूळ पदरात घातले. हात गार होते. माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. ओटी नाकारता येत नाही, म्हणून मी घेतली. भिंतीतला नवा प्लग माझ्या अगदी कोपराशी होता. मी म्हटलं, "बाईसाहेब, पुढच्या दसऱ्याला हा घासू नका. तेव्हा मी नसेन, कुणाचं नाव सांगाल?" त्या रडायला लागल्या. मी खाली उतरले. रडण्याने माझी बोट चुकणार नव्हती.

नवऱ्याने भाऊच्या धक्क्यापर्यंत पोचवलं. बोटीत बसताना म्हणाला, "पोचल्यावर पत्र टाक." चौथीपर्यंत शिकले होते, पत्र लिहिता येत होतं. मी टाकलं नाही.

चार महिने झाले, वर्ष झालं, आणखी वर्षं झाली. माझ्या जागी गाडीत माझा दीर जाऊन राहिला. मग गावचे आणखी एकदोन पुरुष. त्यांनी तिथे गुपचूप सोडे, सुकट काय वाटेल ते शिजवलं, आणि कुणी काही बोललं नाही, कारण तोवर बाईसाहेबांनी पडवीत यायचं सोडलं होतं. नवरा गणपतीला यायचा तेव्हा मोठ्या कौतुकाने सांगायचा, की अजून पिन तापत नाही. सासूला विजेचं काही कळत नव्हतं, पण मी मुंबईत काहीतरी जाळायला निघाले होते एवढं तिला कळलं होतं. मूल नाही ते नाहीच, वर घर पेटवणारी. वाडीभर झालं. मी दोनदा सगळ्यांसमोर खरं सांगितलं. सासू म्हणाली, "घोवान सांगितल्यान ता खोटा आणि तू सांगतस ता खरा?" त्यानंतर मी सांगणं सोडून दिलं. शेणाच्या पाट्या उचलायला बोलावं लागत नाही.

सासरे गेले, साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले, आवार विकलं गेलं, गाडी भंगारात गेली. त्यानंतर कुठे नवऱ्याने बोरिवलीला खोली घेतली आणि मला परत आणलं. मुलं झाली ती तेव्हा, उशिरा. दोन मुलगे. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण अंगात जोर होता ती माझी वर्षं गेली, ती कुठल्या मुलाने परत आणून दिली नाहीत. आणि आणणार तरी कुठून?

मुलं मोठी झाली तशी नवऱ्याने ती गोष्ट घरात आणली. विनोद म्हणून. घरात एखादी पिन गरम झाली, इस्त्रीची वायर जळली, की तो पोरांना म्हणायचा, "आईला विचारा. तिने एकदा प्लगला चिंच लावली होती." पोरं हसायची. पुढे सुना हसायच्या. पहिल्यांदा मी म्हटलं, "मी नाही, मालकिणीने." नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं नाही. थोरला म्हणाला, "आई, जाऊ दे ना, आम्ही काय रागावतोय का?" म्हणजे मी चूक लपवते असं झालं. खरं बोलायला गेले की तीच आणखी मोठी गंमत व्हायची.

तो आजारी पडला, अंथरुणाला खिळला, तेव्हा एकदा घरात कुणी नसताना मी त्याला सरळ विचारलं. म्हटलं, "आता तरी पोरांना सांगा, कोणी घासली ते."

तो म्हणाला, "आता त्याचं काय? इतकी वर्षं झाली. साहेब गेले, बाई गेल्या."

"मी आहे," मी म्हटलं.

त्याने कूस बदलली. मी औषध पाजलं. त्याने सांगितलं नाही, आणि गेला.

तेराव्याला माणसं जेवायला बसली होती. कुणीतरी त्याच्या जुन्या आठवणी काढल्या आणि थोरल्याने फिरत्या घराची गोष्ट सांगितली, चिंचेसकट. बापाच्याच आवाजात. पंगत हसली. आत मी पापड तळत बसले होते. नातसुनेने वाढता वाढता थांबून विचारलं, "आजी, खरंच तुम्ही प्लग चिंचेने घासला होता?"

मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "पण आजोबा तर नेहमी सांगायचे."

मी म्हटलं, "आजोबा खोटं बोलायचे."

तेराव्याला असं बोलत नाहीत. आतल्या बायकांपैकी एकीने माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि म्हणाली, "आजी, तुम्ही दमलात, जरा पडा." मी दमले नव्हते. झारा परत घेतला आणि उरलेले पापड तळले.